नाणी घासू नका, गाठी सोडू नका

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

दुपारची भांडी-धुणी उरकून बसला असाल, कुणी शेताच्या बांधावर मोबाइल लावून ऐकत असाल. आज विषय आहे आपल्या घरातल्या जुन्या नाण्यांचा.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि निघता निघता एकीनं विचारलं, "ताई, सासूच्या मागं नाण्यांचा डबा निघालाय. सगळी काळी पडलीत. चिंचेनं घासू, का भांड्याच्या पावडरनं?"

मी म्हटलं, "बाई, कशानंच घासू नको. आधी खाली बस, माझी चूक ऐक." तिला सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, सासर बीड जिल्ह्यातलं. सासूबाईंना आम्ही सगळ्या जावा आत्याबाई म्हणायचो. त्या गेल्यावर तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि मी फडताळ आवरायला घेतलं. वरच्या कप्प्यात मागं एक पत्र्याचा डबा होता. आत लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेल्या चार गाठी. एक लाल, एक निळ्या चौकटीची, एक पांढरी आणि एक नुसती काळ्या दोऱ्याची. गाठीत नाणी. काळी, हिरवट, हळदी-कुंकवानं माखलेली.

मी धाकटी सून. मला वाटलं, आत्याबाईंची ठेव आहे, लख्ख करून ठेवावी. सगळ्या गाठी सोडल्या. चिंध्या चुलीत घातल्या. काळा दोरा जीर्ण झाला होता, तो तोडून टाकला. सगळी नाणी एका परातीत ओतली, चिंच-मीठ लावून तासभर ठेवली, मग घासणीनं घासली. नाणी अशी चमकली की विचारू नका. मग सगळी मिळून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, वर रबर लावलं आणि कपाटात ठेवली. चार जणींना दाखवलीसुद्धा.

दिवाळीला आमच्या थोरल्या वन्सं आल्या. मी कौतुकानं पिशवी पुढं केली. त्यांनी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "अगं, गाठी कुठंयत?"

"सोडल्या की वन्सं. चिंध्याच होत्या."

वन्सं खाली बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू आईची वही जाळलीस बाई. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं गाठी मारून ठेवलं होतं."

ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. त्या रात्री वन्संनी आठवेल तेवढं सांगितलं. गाठ कुठली, त्यात किती नाणी, कुणाकडून आली. ते ऐकताना मला कळलं की त्या डब्यात आमच्या घराचा शंभर वर्षांचा हिशोब होता. एकेक गाठ घेऊन सांगते, म्हणजे तुमच्या डब्यात काय असू शकतं तेही कळेल.

लाल गाठीत होते पाच राणीछाप रुपये. आत्याबाईंचं माहेरही माझ्यासारखंच नगरकडचं, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखातलं. इंग्रजांनी १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया काढला. एक तोळा वजनाचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. पुढं १८४० पासून त्यावर व्हिक्टोरिया राणीचं तोंड आलं, म्हणून आपण त्याला राणीछाप म्हणतो. १८७७ नंतरच्या नाण्यांवर राणीऐवजी सम्राज्ञी म्हणून तिचं नाव आहे. तिच्यामागं एडवर्ड आला, मग पाचवा जॉर्ज, मग सहावा. १९११ च्या रुपयावर तर गंमत झाली. राजाच्या झग्यावर हत्ती काढला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारावं लागलं.

हा रुपया आपल्या आज्या दगडावर वाजवून घ्यायच्या. खणखण वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. खणखणीत नाणं हा शब्द तिथूनच तर आला. पण १९४० साली महायुद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. म्हणून ज्या बायकांना कळत होतं त्यांनी जुने रुपये खर्चलेच नाहीत. मोडायचा तो नवा मोडला, जुना उतरंडीच्या तळाच्या मडक्यात गेला.

आत्याबाईंना आईनं लग्नात अकरा राणीछाप दिले होते. मग गाठीत पाचच कसे? वन्सं म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात सहा गेले." तुमच्यातल्या थोरल्यांना बहात्तर आठवत असेल. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली, बाया खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. आत्याबाई एकेक रुपया घेऊन सोनाराकडं जायच्या आणि ज्वारी घेऊन यायच्या. सहाव्यानंतर पाऊस आला. राहिलेले पाच त्यांनी लाल चिंधीत बांधले आणि पुन्हा कधी सोडले नाहीत. वन्संच्या मते ती गाठ म्हणजे देवापुढं हात जोडण्यासारखं होतं, पुन्हा अशी वेळ आणू नको म्हणून.

हे काही आमच्याच घरचं नाही. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत गावोगावच्या बायकांचे चांदीचे दागिने वितळायला आले, याची सरकारी दप्तरात नोंद आहे. गोठ, वाळे, तोडे, सगळं गेलं. बँका नव्हत्या तेव्हा बाईच्या अंगावरची आणि उतरंडीतली चांदी हीच घराची बँक होती. सावकाराच्या वहीत पुरुषाचं नाव असायचं, पण शेवटचा रुपया बाईच्या गाठीतून निघायचा.

निळ्या चौकटीच्या गाठीत दोन रुपये होते चारमिनारचे. हे आमच्या सासरच्या बाजूचे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं नाणं वेगळं होतं. त्याला हाली सिक्का म्हणायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनारचं चित्र आलं. त्यात चांदी थोडी कमी, म्हणून सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा इंग्रजी रुपये मिळायचे. आता विचार करा. बीड आणि नगर शेजारशेजारचे जिल्हे. सोयरीक इकडून तिकडं, बाजार इकडून तिकडं, आणि मध्ये दोन राज्यांची दोन नाणी. माहेरी जाणारी लेक कनवटीला हाली रुपया लावून निघाली तर तिकडच्या बाजारात आधी बट्टा द्यायचा, मग बांगड्या भरायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका सात-सहाचा हिशोब तोंडी करायच्या.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं चालला आणि मग बंद झाला. लोकांनी नाणी भरून नवी घेतली. आत्याबाईंच्या सासूनं दोन मागं ठेवली. वन्संना त्यांच्या आजीचं बोलणं आठवत होतं, "आमच्या राजवटीची आठवण राहू द्या, बरी असो का वाईट."

पांढऱ्या गाठीत सात तांब्याच्या शिवराया. मैत्रिणींनो, शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ च्या सुमारास, सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्रपति. आसपासच्या सुलतानांची नाणी फारसी अक्षरांत, आणि हे आपल्या बाळबोध अक्षरांत. महाराजांनंतरही छत्रपती आणि पेशवे यांच्या काळात शिवराई पाडली जात राहिली, आणि इंग्रज आल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं बाजारात चालली. तेव्हा तुमच्याकडची शिवराई महाराजांच्याच काळातली असेल असं नाही. ते ठरतं अक्षरांच्या वळणावरून, रेघांवरून, कडेच्या ठिपक्यांच्या रांगेवरून. अभ्यासक भिंगातून बघतात ते हेच.

आणि मी नेमकं तेच घासून टाकलं. तांबं मऊ असतं. शिवराई हातानं हातोडा मारून पाडलेली, अक्षरं आधीच झिजलेली. आमच्या सातांपैकी चारांवर आज काही वाचता येत नाही. नुसत्या गुळगुळीत तांबूस चकत्या. त्या कुणाच्या काळातल्या होत्या हे आता कुणी सांगू शकणार नाही.

राहिली चौथी, काळ्या दोऱ्याची. त्या दोऱ्यात एकच नाणं होतं, भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळात हा पैसा निघत होता. महायुद्धात तांब्याची टंचाई, म्हणून सरकारनं पैशाच्या मधोमध मोठं भोक ठेवून धातू वाचवला. आपल्या बायकांनी त्याचा उपयोग लगेच शोधला. दोऱ्यात ओवून लेकरांच्या कमरेला बांधला.

मी विचारलं, "वन्सं, हा कुणाचा?"

वन्सं म्हणाल्या, "आमच्या सगळ्यांच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. दहा महिन्यांचा होऊन गेला. त्याचा करदोटा होता तो."

आमच्या घरात त्या लेकराचा फोटो नाही. दाखला नाही. नावसुद्धा वन्संना नक्की आठवत नव्हतं. जगात त्याची एकच खूण होती, तो दोरा. पैसा मी घासूनपुसून ठेवला आणि दोरा केरात टाकला.

एवढं सांगितल्यावर आमच्या बैठकीत कुणी बोललं नाही. तुम्हीही गप्प झाला असाल. पण मी हे रडायला सांगत नाही. ज्यांच्या गाठी अजून शाबूत आहेत त्यांच्यासाठी सांगते आहे.

आपल्याला वाटतं, नाण्याची किंमत म्हणजे त्यातली चांदी. इतिहासाचा अभ्यास करणारे मात्र आधी विचारतात, नाणं कुठं मिळालं, कशाबरोबर मिळालं, कशात बांधलेलं होतं. याचा एक मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे.

नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी म्हणून गाव आहे. तिथं १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. नाणी होती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. जिंकलेल्या राजाचा पैसा न वितळवता, त्यावरच आपली खूण उठवून त्यानं तो चालू ठेवला. म्हणजे नहपानाचा मुलूख गौतमीपुत्राकडं आला, याचा पुरावा त्या नाण्यांनीच दिला.

यात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. या गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तिचा शिलालेख आहे. नातवाच्या कारकिर्दीत तिनं भिक्षूंना लेणं दान दिलं आणि त्या लेखात गेलेल्या मुलाचा पराक्रम कोरून ठेवला. नहपानाचं घराणं आपल्या मुलानं बुडवलं, असं ती त्यात सांगते. आईनं दगडावर जे सांगितलं त्याला जोगलटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. तीच नाणी कुणी घासून लख्ख केली असती, तर खालचा नहपान आणि वरचा गौतमीपुत्र दोन्ही पुसले असते. दहा जणांनी वाटून घेतली असती, तर तेरा हजारांत किती जुनी आणि किती ठसा मारलेली हे कोण मोजणार होतं?

राणीच्या मुलाचा इतिहास लेण्यात कोरला गेला. आपल्या आज्यांनी चिंधीत बांधला. एवढाच काय तो फरक.

नाण्यांची आणखी एक गाठ आपल्या अंगावर असते, पुतळ्यांची माळ. पुतळी हे मुळात इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. व्यापाऱ्यांबरोबर ते समुद्रावरून आपल्या किनाऱ्याला आलं. त्यावर एक संत आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता अशी चित्रं. आपल्या लोकांना त्या बाहुल्या वाटल्या, म्हणून नाव पडलं पुतळी. सोनं चोख, म्हणून बायकांनी ती माळेत ओवली. पुढं आपल्या सोनारांनी तशाच चकत्या देवांची चित्रं घालून घडवल्या. तेव्हा आजीची जुनी पुतळी मोडायला सोनाराकडं नेण्याआधी भिंगातून एकदा बघा.

आता कामाचं बोलू. नाणी सांभाळायची कशी?

पहिली गोष्ट, घासायचं नाही. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्याला माहीत आहे. आंबट पदार्थ धातू खातो. चिंच, लिंबू, आमसूल यांनी तांबं चमकतं ते त्याचा वरचा थर निघून जातो म्हणून. राख आणि घासणी तर ओरखडेच काढतात. भांड्याचा थर गेला तर बिघडत नाही, नाण्याचा थर गेला की अक्षर गेलं. तांब्यावरचा तपकिरी किंवा हिरवट कडक थर, चांदीवरचा काळा थर, ही घाण नव्हे. ती त्या धातूची कातडी आहे, ती आतल्याला सांभाळते. १८६२ सालच्या राणीछाप रुपयाचंच बघा. पुढची कितीतरी वर्षं टांकसाळीनं साल न बदलता १८६२ च छापलं. त्यावरच्या बारीक टिंबांवरून अभ्यासक टांकसाळीचा आणि खऱ्या वर्षाचा माग काढतात. घासणीच्या चार फेऱ्यांत ती टिंबं जातात. आणि विकायचं झालं तरी जाणकार घासलेल्या नाण्याचा भाव पाडतो.

एक मात्र ओळखायला शिका. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि बोटाला लागली, तर तो रोग समजा. घामातलं, मातीतलं मीठ आणि ओल यांनी तो होतो आणि नाणं आतून पोखरतो. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, अगदी कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

दुसरी गोष्ट, हाताळणं. हात धुवून कोरडे करा. खाली गोधडी अंथरा, म्हणजे नाणं निसटलं तरी फरशीवर आपटणार नाही. नाणं कडेनं धरा. तोंडावर बोट ठेवलं की घाम लागतो आणि काही महिन्यांनी बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

तिसरी गोष्ट, पूजा. लक्ष्मीपूजनाला आपण नाणी पंचामृतानं धुतो, हळद-कुंकू वाहतो. दही आंबट, हळदीकुंकवाची ओल धरून राहते, फुलांचं पाणी झिरपतं. लक्ष्मीचा मान राहू द्या. फक्त पूजेसाठी एक नाणं वेगळं काढा आणि दरवर्षी तेच घ्या. बाकीचा डबा शेजारी मिटलेला ठेवा, त्याला बाहेरून नमस्कार करा. आमच्या घरी आता असंच करतो.

चौथी गोष्ट, ठेवायचं कशात. मऊ, चकचकीत, वास येणारी प्लॅस्टिकची पिशवी नको. त्या प्लॅस्टिकमधून हळूहळू चिकट रसायन सुटतं आणि नाणी हिरवी, चिकट होतात. रबर नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. लोकरीचं कापड नको, वर्तमानपत्र नको, चिकटपट्टी नको, स्टेपलची पिन नको. नाणी जमवणाऱ्यांच्या दुकानात आम्लमुक्त कागदाची छोटी पाकिटं मिळतात, ती उत्तम. ती मिळेपर्यंत खूप वेळा धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड चालेल, पण त्याला खळ, नीळ किंवा साबण राहिलेला नको. प्रत्येक नाणं वेगळं गुंडाळा. नाण्यावर नाणं घासलं की दोन्ही झिजतात. पाकिटावर आधी पेन्सिलीनं लिहा, मग नाणं आत घाला.

पाचवी गोष्ट, डबा कुठं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. चुलीच्या धुरात, मोरीजवळ, ओल्या भिंतीला लागून ठेवू नका. आणि हे नीट ऐका, धान्याच्या कोठीत तर मुळीच नको. पूर्वी कणगीत नाणी लपवत, तेव्हा चालत होतं. आता आपण धान्यात किडीच्या गोळ्या घालतो. त्या गोळ्यांचा वायू तांबं खातो आणि माणसालाही घातक असतो. औषधाच्या किंवा चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी छोटी पुडी येते, ती फेकू नका, डब्यात टाका. पावसाळ्यात डबा उघडू नका. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की वर्षातून एकदा उघडून बघा.

सहावी गोष्ट सगळ्यात मोठी, वही. आपण गटाचा रुपयान् रुपया लिहितो, मग हे का नको? प्रत्येक नाण्याला नंबर द्या. त्यापुढं लिहा, दोन्ही बाजूंना काय आहे, कुणाकडून आलं, कधी आलं, कशात बांधलेलं होतं. माहीत नसेल तिथं माहीत नाही असंच लिहा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सकाळचं तिरपं ऊन नाण्यावर घ्या, झिजलेली अक्षरंही सावलीनं उठून दिसतात. आणि चिंधी, दोरा, चिठ्ठी, जुना बटवा, जे असेल ते नाण्याशेजारी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्यालाही नंबर द्या.

आपल्या काळातली नाणीही त्यात येऊ द्या. १ एप्रिल १९५७ ला आण्याचा हिशोब जाऊन रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणून तर आपण अजून म्हणतो, सोळा आणे खरं. चवली, पावली, अधेली ही नावं आपल्या नातींना माहीत नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आज ती डब्याच्या तळाशी असतील, उद्या तोच इतिहास होईल.

आता फसवणुकीपासून सावध. मोबाइलवर निरोप फिरतात, अमक्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील म्हणून. मग फोन येतो, आधी फी भरा, कर भरा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलीही फी घेत नाही. आधी पैसे मागणारा चोर समजा. दारावर येऊन तोळ्यावर नाणी मागणाऱ्यालाही घाईनं देऊ नका.

कायद्याचंही थोडं. घरात वारशानं आलेली नाणी घरचीच. पण पाया खणताना, नांगरताना जमिनीत ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवला तर गुन्हा होतो. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं स्वतःहून परदेशी पाठवता येत नाही. नाण्यांबद्दल समजून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. गटाची सहल त्र्यंबकेश्वरला निघालीच, तर वाटेत थांबा.

शेवटी आमच्या घरचं काय झालं ते सांगते. आम्ही चार जावा. वाटणीचा विषय निघाला, चार जणींच्या चार वाट्या करू म्हणून. वन्सं म्हणाल्या, "आईनं गाठी मारल्या त्या वाटायला नाही मारल्या." मग आम्ही गटासारखा ठराव केला. डबा एकच राहील, दरवर्षी एकेकीकडं जाईल. वही दोन, एक डब्याजवळ आणि एक वन्संकडं. वहीवर पाचही जणींच्या सह्या, कारण लेकीचा हक्क सुनांइतकाच. विकायचं झालं तर पाचही जणींची संमती पाहिजे.

वहीच्या पहिल्या पानावर मी माझी चूक लिहिली आहे. अमुक साली नाणी धाकट्या सुनेनं चिंचेनं घासली, चार शिवरायांची अक्षरं गेली, चिंध्या जळल्या, दोरा हरवला. पुढं कुणाला वाटायला नको की ती आधीपासूनच कोरी होती. शेवटच्या नंबरला भोकाचा पैसा आहे. त्यापुढं लिहिलंय, आत्याबाईंच्या पहिल्या मुलाचा करदोटा, वय दहा महिने. आता त्या लेकराची एवढी तरी नोंद आहे.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एक काम करा. घरात जी सगळ्यात थोरली बाई असेल, सासू, आजी, आत्या, मावशी, तिच्याजवळ बसा आणि डबा तिच्याच हातानं उघडू द्या. गाठ सोडायच्या आधी विचारा, ही कुणाची? ती सांगेल ते लिहून घ्या, आणि गाठ होती तशी पुन्हा बांधा.